समासाची जागा

मराठी शाळेंत शिकलेल्या प्रत्येक मनुष्याची ‘समास’ या शब्दाशीं तीनदां गांठ पडते. पहिली गांठ वहीच्या डाव्या अंगाला, तांबड्या रेघेपाशीं. ‘समास सोडून लिहा’ असें गुरुजी बजावतात, आणि पाठकोरा कागदही जपून ठेवणाऱ्या घरांतून आलेल्या मुलाला ही उधळपट्टी कशासाठीं तें कांहीं केल्या उमगत नाहीं. दुसरी गांठ व्याकरणाच्या तासाला पडते. तेथें तो द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीहि अशीं रूपें घेऊन येतो आणि परीक्षेपुरता छळून जातो. तिसरी गांठ दासबोधांत. त्या ग्रंथाच्या २० दशकांत मिळून २०० समास आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या समासाचा विचार विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. पहिल्याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर वयाच्या ५४ व्या वर्षीं आली, आणि ती अशा रीतीनें आली कीं, ती हकीकत सांगतांना आम्हांला आमच्या प्राध्यापकीची थोडी लाजच वाटते.

आमचे तीर्थरूप सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं ३४ वर्षें भूमितीचे शिक्षक होते. त्यांनीं पुस्तक म्हणून एकही लिहिलें नाहीं. पण शिकवितां शिकवितां सुचलेलीं उदाहरणें, आकृत्या व उत्तरें यांनीं भरलेल्या ११ वह्या त्यांच्यामागें राहिल्या. या वह्यांत दोन हातांचें अक्षर आहे. तीर्थरूप कच्चें लिहीत, आणि रात्रीं घरकाम आटोपल्यावर आमच्या मातोश्री त्याची स्वच्छ प्रत करीत. मातोश्रींची रीत अशी कीं, प्रथम सबंध वहीला पट्टीनें समास आखून घ्यावयाचा, आणि मगच पहिलें अक्षर काढावयाचें. पुढें तीर्थरूप तीच वही घेऊन वर्षानुवर्षें वर्गावर जात, आणि त्या समासांत बारीक अक्षरानें कांहीं ना कांहीं लिहून ठेवीत. ते वारल्यानंतर पांच वर्षांनीं आमच्या मनांत आलें कीं, या वह्यांचें एक पुस्तक करावें आणि त्याच्या १०० प्रती आप्तेष्टांना व त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना द्याव्या. आम्ही स्वतः गणिताचे अध्यापक. तेव्हां अक्षरजुळणीही आपणच करावी, असा उत्साह आला.

या कामासाठीं आम्हीं ‘लाटेक’ नांवाची जुळणीची पद्धति वापरली. गणिताच्या मंडळींना ती परिचित आहे. इतरांसाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनल्ड कनूथ यांच्या संगणनशास्त्रावरील ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. शिशाचे खिळे जाऊन छायाचित्रणाच्या साहाय्यानें जुळणी करण्याची पद्धति त्या सुमारास रूढ होत होती. १९७७ सालीं या नव्या पद्धतीचीं मुद्रितें हातीं पडतांच कनूथ यांचें मन इतकें विटलें कीं, त्यांनीं ग्रंथ बाजूस ठेवून अक्षरजुळणीचीच एक नवी पद्धति रचावयास घेतली. वर्षभरांत उरकेल असें वाटलेलें तें काम दहा वर्षांवर चाललें. या पद्धतीचें नांव ‘टेख्’. तिच्यांत दुरुस्ती झाली कीं आवृत्तीच्या क्रमांकाला ‘पाय’ या संख्येचा पुढचा एक अंक जोडला जातो. २०२१ सालीं तो क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. टेखच्या इमारतीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जो सोयीचा मजला चढविला तो लाटेक. आणि २००४ सालीं जोनाथन क्यू यांचें ‘झीटेक’ निघाल्यापासून आपली देवनागरीही तेथें सुखानें नांदूं लागली आहे. या पद्धतींतील मापें फार बारीक असतात. इंचाचे ७२.२७ पॉइंट होतात, आणि एका पॉइंटाचे ६५,५३६ भाग. हा शेवटचा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान असतो. इतकें बारीक मोजणारें साधन हातीं असतांना आमच्याकडून मापांतच चूक व्हावी, हा या हकीकतीचा विषय आहे.

जुळवलेलीं पहिलीं कांहीं पानें आम्हीं घरच्या यंत्रावर ‘ए-फोर’ कागदावर काढून पाहिलीं, आणि कपाळाला आंठी पडली. कागद २१० मिलिमीटर रुंद. त्यावर मजकुराची ओळ अवघी ३४५ पॉइंट, म्हणजे १२ सेंटिमीटरांच्या आसपास. दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार सेंटिमीटर कोरी जागा! चार खणांचें घर आणि भोंवतीं एकरभर परसूं, असा तो थाट दिसला. याला कारण नाहीं असें नव्हे. रोमन लिपीच्या एका ओळींत ६० ते ७० अक्षरें असावीं, असा मुद्रणकलेंतील जाणत्यांचा अनुभव आहे. ओळ त्याहून फार लांबली कीं, शेवटाहून परत फिरणारी नजर पुढच्या ओळीचा आरंभ चुकते आणि वाचलेलीच ओळ पुन्हां वाचूं लागते. लाटेकनें लहान टाइपाला लहान ओळ दिली होती ती या विचारानें. पण त्या वेळीं आम्हांला कारणें नको होतीं. जागा हवी होती.

समास कमी करण्यास बसलों, तों निराळेंच प्रकरण निघालें. टेख् आपलें मोजमाप कागदाच्या कोपऱ्यापासून करीत नाहीं. वरून एक इंच आणि डावीकडून एक इंच आंत आल्यावर त्याचा आरंभबिंदु लागतो, आणि डाव्या समासाचें म्हणून जें माप लिहावयाचें तें या इंचाच्या पुढचें. तेथें शून्य लिहिलें तरी एक इंच कोरा उरतो. अर्धा इंच हवा असेल तर उणें अर्धा लिहावें लागतें. सम आणि विषम पानांचा हिशेब वेगळा. उभ्या अंगालाही वरची मोकळीक, शीर्षकाची पट्टी, तिच्याखालचें अंतर, मजकुराची उंची, पृष्ठांकाचें अंतर असा मोठा परिवार. पण खरी गंमत उजव्या समासाची आहे. त्याला या पद्धतींत स्वतःचें नांवच नाहीं! कागदाच्या रुंदींतून डावा समास आणि ओळीची लांबी वजा केल्यावर जें उरेल, तो उजवा समास. आम्ही डावा समास अर्ध्या इंचानें कमी करावा, तों सगळा मजकूर डावीकडे सरकून उजवीकडची जागा अर्ध्या इंचानें वाढावी. नव्या बिऱ्हाडांत कपाट कोठें ठेवावें हें न ठरल्यामुळें तें या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलीत बसावें, तसे आम्ही रात्रीं अकरा वाजेपर्यंत तो मजकूर ढकलीत होतों.

शेवटीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला शरण गेलों. तो म्हणाला, “सर, तुम्ही समास बदलतच नाहीं, मजकूर सरकवतां आहांत. ‘जिऑमेट्री’ नांवाची पुरवणी आहे, ती जोडा.” तीर्थरूपांच्या भूमितीच्या पुस्तकाला त्याच नांवाच्या पुरवणीनें हात द्यावा, हा योगायोग आम्हांला मोठा शुभ वाटला. या पुरवणींत आंतला, बाहेरचा, वरचा, खालचा असे चारही समास सरळ नांवानें सांगतां येतात आणि उरलेल्या जागेंत मजकूर बसतो. अट इतकीच कीं, आडव्या अंगाच्या तीन मापांपैकीं दोनच आपण सांगावीं. दोन्ही समास सांगून वर ओळीची लांबीही हट्टानें सांगितली, तर ‘आपण गरजेपेक्षां जास्त सांगितलें आहे’ अशी तक्रार नोंदवून ती लांबी सोडून देते. दोन पदें ठरलीं कीं तिसरें आपोआप ठरतें, हें आम्ही तीस वर्षें मुलांना शिकवीत आलों आहों. पण तें समीकरण आपल्याही दारीं येईल असें वाटलें नव्हतें.

आतां पुस्तकाचें माप आलें. छापखानदारांनीं डेमी आकार सुचविला: रुंदी साडेपांच इंच, उंची साडेआठ. आम्हीं ओळ चार इंच आणि मजकुराची उंची साडेसहा इंच धरली. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच समास राहिला, आणि पुस्तक १९२ पानांचें, म्हणजे सोळा पानी १२ फॉर्मांचें झालें. खर्चाचा अंदाज आला तो आमच्या अपेक्षेबाहेर. तेव्हां आम्हीं गणित केलें. समास पाऊण इंचाऐवजीं ०.४ इंच ठेवले तर ओळ ४.७ इंच होते, उंची ७.४ इंच केली तर मजकुराचें क्षेत्रफळ २६ चौरस इंचांवरून जवळजवळ ३५ वर जातें. आणि १९२ पानें बरोबर १४४ पानांत मावतात. तीन फॉर्म वांचले! “सर, हिशेब एकदम फिट बसला,” असें छापखानदारही म्हणाले. कोऱ्या जागेचे पैसे कां द्यावे, असा आमचा बिनतोड युक्तिवाद होता.

या काटकसरींत आणखी एक गोष्ट घडली, ती त्या वेळीं आम्हांला गोष्ट म्हणण्याजोगीही वाटली नाहीं. वह्यांच्या समासांतलीं तीर्थरूपांचीं टिपणें आम्हीं गाळलीं. जेथें समासच उरला नाहीं, तेथें समासांतलें लिखाण कोठें घालणार? शिवाय तें कांहीं गणित नव्हे, अशी आम्हीं आपली समजूत घातली.

प्रती आल्या त्या दिवशीं पहिली प्रत मातोश्रींच्या हातीं दिली. त्यांचें वय ८१. त्यांनीं चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेऊन उघडलें. पण तें उघडें राहीना. बांधणी शिवणीची नसून सरसाची होती, आणि सरसाच्या बांधणीचें पुस्तक कण्यापाशीं पुरतें पसरत नाहीं. आंतला समास ०.४ इंचांचा, त्यामुळें डाव्या पानावरील ओळींचे शेवट आणि उजव्या पानावरील ओळींचे आरंभ मधल्या घळींत गडप झाले होते. मातोश्री दोन्ही हातांनीं पुस्तक फांकवूं लागल्या, तों त्यांचे अंगठे बाहेरच्या अंगाला मजकुरावरच पडूं लागले. आंतलें वाचावें तर बाहेरचें झांकतें, अशी अवस्था. तरी त्या कांहीं बोलल्या नाहींत. चार पानें पुढें गेल्या, चार मागें आल्या, आणि मग पुस्तकावरची नजर न काढतां त्यांनीं विचारलें, “अरे, कडेला ह्यांनीं लिहिलेलं कुठं आहे?”

“तें गणित नव्हतें, आई,” आम्ही म्हणालों.

“मग काय होतं?”

या प्रश्नाला आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं पुस्तक मिटून शेजारीं ठेवलें आणि प्रती कोणाकोणाला पाठवावयाच्या तें विचारूं लागल्या; पण त्या रात्रीं आम्हीं त्या अकरा वह्या पुन्हां काढल्या आणि फक्त समास तेवढे वाचले. जुळणी करतांना मजकूर डोळ्यांखालून गेला होता. समासांवरून डोळे नुसते घसरले होते.

अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो, हा सिद्धांत सर्वांना ठाऊक आहे. त्याची नेहमींची सिद्धता मजकुरांत होती. समासांत तीर्थरूपांनीं लिहिलें होतें कीं, शिरोबिंदु मध्याशीं जोडून ती रेघ तशीच पुढें वर्तुळापर्यंत नेली कीं जो चौकोन होतो, त्याचे कर्ण सारखे असून एकमेकांना दुभागतात. म्हणून तो आयत, आणि आयताचा कोन काटकोन. ही रीत नववींतल्या एका मुलीनें फळ्यावर काढून दाखविली, माझ्या रीतीहून चांगली आहे. दुसऱ्या एका ठिकाणीं, ‘येथें मुलें गप्प बसतात, समजलें म्हणून नव्हे, विचारावयास भितात म्हणून. आपणच थांबावें.’ आणखी एका ठिकाणीं, ‘आज फार रागावलों. उदाहरणच चुकीचें घातलें होतें.’ शाई कोठें निळी, कोठें काळी, कोठें शिसपेन. मजकुरांत भूमिति होती, ती कोणत्याही चांगल्या पुस्तकांत मिळेल. तीर्थरूप जे कोणी होते ते समासांत होते, आणि त्यांना आम्हीं तीन फॉर्म वांचविण्यासाठीं कापून टाकलें होतें.

आमच्यासारख्या मुलांना इतिहासानें एक चांगला धडा घालून दिलेला आहे, तो तेव्हां आठवला. पिएर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञानें डायोफँटसच्या ग्रंथाच्या आपल्या प्रतीच्या समासांत १६३७ च्या सुमारास एक टिपण केलें, आणि सिद्धता लिहिण्यास हा समास अपुरा आहे असेंही तेथेंच नमूद केलें. तो १६६५ सालीं वारला. पुढें त्याच्या मुलानें १६७० सालीं तो ग्रंथ पुन्हां छापविला, तेव्हां बापाचीं समासांतलीं टिपणें त्यांत घातलीं. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ सालीं प्रसिद्ध होईपर्यंत ज्या प्रश्नानें गणितज्ञांना साडेतीन शतकें जागविलें, तो केवळ त्या मुलामुळें शिल्लक राहिला. हें आम्ही वर्गांत दर वर्षीं मोठ्या रसानें सांगत असतों. सांगतांना आपण त्या मुलाच्या जागीं उभे राहिलों तर काय करूं, हा विचार मात्र कधीं शिवला नव्हता.

मग समासाविषयीं जें आधीं वाचावयास हवें होतें तें वाचलें. युरोपांतील जुन्या हस्तलिखितांच्या व ग्रंथांच्या पानांचा अभ्यास करून व्हान द ग्राफ, यान चिखोल्ट प्रभृतींनीं विसाव्या शतकांत जी रचना मांडली, तिच्यांत आंतला, वरचा, बाहेरचा व खालचा या समासांचें प्रमाण २:३:४:६ असें पडतें. पानाची रुंदी व उंची २:३ या प्रमाणांत असली, तर या रचनेंत मजकुराची उंची पानाच्या रुंदीइतकी भरते. आणि मजकूर पानाचा अवघा चार-नवमांश भाग व्यापतो. अर्ध्याहून अधिक पान कोरें! यांत उधळपट्टी नाहीं. पुस्तक उघडलें कीं दोन आंतले समास शेजारीं येऊन एका बाहेरच्या समासाइतके होतात, आणि तीन कोऱ्या पट्ट्या सारख्या दिसतात; खालची जागा हाताच्या अंगठ्यासाठीं उपयोगी पडते. आणि युरोपांत जाण्याचें तरी काय कारण? समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. पानाच्या सभोंवार जागा सोडून मजकूर मधोमध ठेवावा, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाहीं, असें त्यांनीं त्यांत सांगून ठेवलें आहे. आमच्या पोथ्या लिहिणारांनींही हें पाळलें, आणि सुटलेलें अक्षर हंसपद करून त्याच मोकळ्या जागेंत भरलें. चूक सुधारण्यास जागा हवी, तर ती चूक होण्यापूर्वींच सोडावी लागते.

यंत्राशीं झटतांना आम्हीं मजकूर आधीं ठरविला आणि उरेल तो समास मानला. मातोश्रींनीं त्या वह्यांना समास आधीं आखला आणि उरेल त्या जागेंत मजकूर बसविला. गुरुजींनीं पहिलीच्या वर्गांत आम्हांलाही तेंच शिकविलें होतें. जिऑमेट्रीला दोन्ही रीती सारख्याच मान्य आहेत. कोणतीं दोन पदें आधीं सांगावयाचीं, एवढाच प्रश्न ती विचारते. आणि तो प्रश्न गणिताचा नाहीं.

दुसऱ्या जुळणीला आम्हीं आधीं समास सांगितले: आंत ०.७ इंच, बाहेर १.३ इंच. साडेतीन इंचांची ओळ उरली. लाटेकमध्यें समासांत टीप घालण्याचा हुकूम मुळांतच आहे. टीप ज्या ओळीची असेल त्या ओळीच्या समोर ती बसते, आणि दोन्ही अंगांना छापलेल्या पुस्तकांत नेहमीं बाहेरच्या बाजूला येते. तीर्थरूपांचीं टिपणें बारीक टाइपांत इंचाहून थोड्या कमी रुंदीच्या पट्टींत बसविलीं. ओळ आंखूड झाल्यामुळें लांब समीकरणें कडेबाहेर डोकावूं लागलीं. तीं किती डोकावतात हें टेख् पॉइंटाच्या लहान अंशापर्यंत नोंदवीत होतें, आणि आम्ही एकेक समीकरण दोन ओळींत मोडीत होतों. देवनागरीच्या मात्रा व रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडूं नयेत म्हणून ओळींमधलें अंतरही वाढवावें लागलें. पुस्तक २२४ पानांचें, म्हणजे १४ फॉर्मांचें झालें. बांधणी शिवून घेतली. तीन फॉर्म वांचविण्याच्या हौसेपायीं एकंदर किती खर्च झाला, तो आंकडा आमच्या कुटुंबियांना अजून ठाऊक नाहीं; पहिल्या छपाईच्या बहुतेक प्रती आमच्या कपाटांत खालच्या फळीवर आहेत.

नवी प्रत मातोश्रींच्या मांडीवर उघडी राहिली. अंगठा कोऱ्या जागेवर टेकवून त्या दुपारभर वाचीत होत्या. संध्याकाळीं त्यांनीं पेन्सिल मागितली. आम्हांला वाटलें, कोणाचा पत्ता लिहून ठेवावयाचा असेल. दुसऱ्या दिवशीं पाहिलें, तों ११२ व्या उदाहरणाच्या आकृतींत आम्हीं एका बिंदूचें अक्षर चुकीचें घातलें होतें. आणि त्याच्या समोर बाहेरच्या समासांत, तीर्थरूपांच्या टिपणाच्या खालीं, थोड्या कांपऱ्या पण ओळखीच्या अक्षरांत दुरुस्ती लिहिलेली होती. पुढच्या छपाईच्या वेळीं ती घ्यावयाची आहे.